परदेशात राहायला जाताय? घरातलं काय न्यायचं, काय ठेवायचं आणि काय नेताच येत नाही

भंडारा जिल्ह्यातल्या एखाद्या घरातून कुणी परदेशी राहायला निघालं की व्हिसा आणि तिकिटानंतर घरात एकच विषय उरतो: सामान. आईला वाटतं, घरचा चिन्नोर तांदूळ द्यावा. आजीला वाटतं, लग्नात आंदण आलेला पितळेचा गंज घरातल्याच कुणाकडे राहावा. जाणाऱ्याला मिक्सर, कुकर आणि देवघर तिन्ही हवं असतं. आणि बॅगेचा काटा २३ किलोवर थांबतो.

या तिन्ही-चारही वस्तूंचं उत्तर वेगवेगळं आहे. काही वस्तू नेता येतात पण तिथे चालत नाहीत. काही चालतात पण नेता येत नाहीत. आणि काही कायद्याने देशाबाहेर जाऊच शकत नाहीत. हा निर्णय नेमका कसा घ्यायचा, ते समजून घेऊया.

आधी चार प्रश्न विचारा

यादी करायला बसण्याआधी प्रत्येक वस्तूला चार प्रश्नांच्या चाळणीतून काढावं.

१. ही वस्तू भारतातून बाहेर न्यायला आणि त्या देशात आणायला परवानगी आहे का?

२. तिथल्या विजेवर, शेगडीवर, हवेत ती चालेल का?

३. तिथे ती मिळते का? मिळत असेल तर नेण्याचा खर्च जास्त की तिथे विकत घेण्याचा?

४. हरवली किंवा मोडली तर दुसरी मिळेल का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल तर पुढचे तीन विचारायची गरजच नाही. बहुतेक घरांत मात्र सुरुवात चौथ्या प्रश्नापासून होते आणि पहिला प्रश्न विमानतळावर आठवतो.

भंडाऱ्याहून निघताना वजनाचं गणित का चुकतं?

अमेरिका आणि कॅनडाच्या बऱ्याच विमान तिकिटांवर माणशी २३ किलोच्या दोन बॅगा नेता येतात. म्हणजे चार जणांच्या कुटुंबाला १८४ किलो. आखाती देशांच्या तिकिटांवर अनेकदा बॅगांच्या संख्येऐवजी एकूण वजनाची मर्यादा असते. तिकिटाच्या प्रकारानुसार हे आकडे बदलतात, त्यामुळे तिकिटावर छापलेला आकडाच खरा धरावा.

खरी अडचण येते ती नागपूर ते मुंबई किंवा दिल्ली या टप्प्यावर. देशांतर्गत विमानांत इकॉनॉमी वर्गाला साधारण १५ किलो चेक-इन सामान मिळतं. नागपूरपासून परदेशापर्यंतचं तिकीट एकाच बुकिंगवर असेल तर सहसा आंतरराष्ट्रीय मर्यादा सगळ्या प्रवासाला लागू होते. पण स्वस्त पडतं म्हणून नागपूर-मुंबई तिकीट वेगळं काढलं, तर ४६ किलो सामान घेऊन आलेल्या माणसाला ३१ किलोचे जादा पैसे भरावे लागतात. वाचवलेल्या पैशापेक्षा ही रक्कम जास्त होऊ शकते.

याला एक जुना उपाय आहे, रेल्वे. गोंदियाहून मुंबईला जाणारी विदर्भ एक्सप्रेस वरठीच्या भंडारा रोड स्टेशनवर थांबते. स्लीपर आणि एसी थ्री टियरमध्ये माणशी ४० किलो, तर एसी टू टियरमध्ये ५० किलो सामान मोफत नेता येतं. फक्त गाडी उशिरा पोहोचण्याची शक्यता धरून विमानाच्या आदल्या दिवशीच मुंबईत पोहोचावं.

पितळेची भांडी: भावनेचा आणि भौतिकशास्त्राचा प्रश्न

भंडाऱ्याला पितळनगरी म्हणतात. स्टील आणि अॅल्युमिनियम येण्याआधी इथली भांडी दूरवर जायची. आजही जिल्ह्यातल्या अनेक घरांत गुंड, गंज, परात, कोपर अशी भांडी माळ्यावर असतात. ती कुणाच्या तरी लग्नाची, कुणाच्या तरी नावाची असतात. त्यामुळे 'एक तरी घेऊन जा' हा आग्रह इथे जास्त असतो.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त यांचा मिश्रधातू. आकारमान सारखं असेल तर ते अॅल्युमिनियमच्या तिपटीहून जड असतं. पाण्याचा एक जुना गुंड तीन-चार किलोचा सहज भरतो. म्हणजे एका बॅगेचा सहावा-सातवा हिस्सा एकाच भांड्यात जातो.

दुसरी अडचण शेगडीची आहे. परदेशात अनेक घरांत गॅस नसतो, इंडक्शन किंवा विजेची शेगडी असते. ज्या धातूला चुंबक चिकटतं, अशाच बुडाचं भांडं इंडक्शनवर तापतं. पितळ, तांबं आणि अॅल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही. त्यामुळे पितळेचा गंज आणि साधा अॅल्युमिनियमचा कुकर दोन्ही इंडक्शनवर निरुपयोगी ठरतात. कुकर न्यायचाच असेल तर 'इंडक्शन बेस' असलेला स्टीलचा न्यावा. फ्रिजवर लावायचं साधं चुंबक भांड्याच्या बुडाला लावून बघितलं की लगेच कळतं.

तिसरी अडचण कल्हईची. पितळेत आंबट पदार्थ कळकतात, म्हणून स्वयंपाकाच्या भांड्याला आतून कथलाचा मुलामा लागतो. तो झिजला की पुन्हा द्यावा लागतो. परदेशात कल्हईवाला शोधणं सोपं नाही.

मग पितळ न्यायचंच नाही का? स्वयंपाकासाठी नाही, पण रोजच्या वापरातली छोटी वस्तू जरूर न्यावी. समई, निरांजन, तांब्या, छोटी घंटा, मसाल्याचा डबा. यांना शेगडी लागत नाही, कल्हई लागत नाही आणि बॅगेत बसतात. मोठा गुंड घरीच ठेवून त्याच घराण्यातला लहान गडवा नेणं, हा बहुतेकांना जमणारा तोडगा आहे.

घरचा तांदूळ नेता येतो का?

भाताच्या जिल्ह्यातल्या लोकांसाठी हा सर्वात अवघड भाग आहे. भंडारा चिन्नोर तांदळाला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. घरचा तांदूळ पाच-दहा किलो बांधून देणं इथे स्वाभाविक वाटतं. पण अमेरिका आणि ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्यांना तो नेता येत नाही.

याचं कारण खापरा भुंगेरा. साठवलेल्या धान्यात राहणारी ही कीड भारतात आढळते. तिची अळी पोत्याच्या शिवणीत किंवा डब्याच्या फटीत अन्नाशिवायही दीर्घकाळ तग धरते. एकदा गोदामात शिरली की काढणं फार कठीण जातं. म्हणून ही कीड असलेल्या देशांतून प्रवाशांनी स्वतःसाठी तांदूळ आणण्यावर अमेरिकेने बंदी घातली आहे. ऑस्ट्रेलियानेही २०२० मध्ये नियम कडक करून तांदूळ, हरभरा आणि काही मसाले प्रवाशांच्या सामानातून आणायला मनाई केली.

तिथल्या भारतीय दुकानांत दिसणारा तांदूळ व्यापारी मार्गाने, प्रमाणपत्रं आणि तपासणी होऊन आलेला असतो. घरच्या पिशवीला ते लागू होत नाही.

खाण्याच्या आणखी कोणत्या वस्तू अडतात?

खसखस: भारतात हा साधा मसाल्याचा पदार्थ आहे. पण संयुक्त अरब अमिराती आणि सौदी अरेबियात खसखस बाळगणं हा अमली पदार्थांच्या कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. सावजी किंवा काळ्या मसाल्यात खसखस घालतात, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. आखातात जाणाऱ्यांनी मसाला वेगळा, खसखस न घालता करून घ्यावा.

तूप, पेढे, खवा: युरोपीय संघातले देश आणि ब्रिटन भारतातून येणाऱ्या प्रवाशांना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणू देत नाहीत.

सुकं खोबरं: त्यात तेलाचं प्रमाण जास्त असल्याने ते पेट घेण्याची शक्यता धरली जाते. म्हणून भारतातल्या विमानतळांवर चेक-इन बॅगेतून खोबऱ्याच्या वाट्या काढून घेतल्या जातात.

कापूर आणि काडेपेटी: कापूर ज्वलनशील पदार्थांत मोडतो. पूजेच्या साहित्यातून दोन्ही काढून टाकावं.

लोणचं: मिरचीचं लोणचं हातातल्या बॅगेत चालत नाही. चेक-इन बॅगेत नेताना बरणी सीलबंद आणि दोन प्लास्टिक पिशव्यांत असावी. तेल गळलं तर कपडे जातात, ते वेगळंच.

बिया, कढीपत्ता, तुळस: परसबागेसाठी वालाच्या किंवा दोडक्याच्या बिया पुडीत बांधून दिल्या जातात. अनेक देशांत बियांसाठी वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. कढीपत्त्याची ताजी पानं अमेरिकेत नेता येत नाहीत. मातीसह रोप तर जवळपास कुठेच नाही.

खर्रा आणि पान: सिंगापूरमध्ये तंबाखूचे चघळण्याचे पदार्थ आणायला बंदी आहे. अमिरातीत विड्याच्या पानावर बंदी आहे. सवय असेल तर ती इथेच सोडून जाणं उत्तम.

एक नियम सगळीकडे कामी येतो. शंका असेल तर अर्जावर ती वस्तू जाहीर करावी. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतात. लपवलेली सापडली तर दंड होतो. न्यूझीलंडमध्ये धोक्याची वस्तू जाहीर न केल्यास जागेवरच ४०० न्यूझीलंड डॉलरचा दंड आहे.

मिक्सर, इस्त्री, चार्जर: काय चालेल?

भारतात वीज २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची आहे. ब्रिटन, युरोप, ऑस्ट्रेलिया आणि अमिरातीत साधारण हाच दाब आहे. तिथे फक्त प्लगचा आकार वेगळा असतो आणि साधा अॅडॉप्टर पुरतो. सौदी अरेबियात दाब जवळचा असला तरी वारंवारिता ६० हर्ट्झ आहे. अमेरिका आणि कॅनडात १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ आणि जपानमध्ये १०० व्होल्ट.

कोणत्याही उपकरणाच्या मागची बारीक अक्षरं वाचावी. 'इनपुट १००-२४० व्होल्ट' असं लिहिलं असेल तर ते जगात कुठेही चालतं. मोबाइल आणि लॅपटॉपचे चार्जर असेच असतात. फक्त '२३० व्होल्ट' लिहिलं असेल तर अमेरिकेत ट्रान्सफॉर्मर लागतो. ७५० वॅटच्या मिक्सरसाठी सुरुवातीच्या झटक्याचा विचार करून जवळपास दुप्पट क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागतो आणि तो स्वतःच काही किलोंचा असतो. इडली-डोशाचं वाटण करणारे १२० व्होल्टचे भारतीय पद्धतीचे मिक्सर तिथे मिळतात. त्यामुळे अमेरिकेला मिक्सर नेणं परवडत नाही, आखातात किंवा ब्रिटनला परवडू शकतं.

पॉवर बँक नेहमी हातातल्या बॅगेत ठेवावी. चेक-इन बॅगेत तिला बंदी आहे.

देवघर आणि जुन्या वस्तू: कायदा काय सांगतो?

देवाचे टाक, पणजोबांच्या काळातली मूर्ती, हस्तलिखित पोथी. यांना दुसरी प्रत नसते, म्हणून त्या नेण्याची ओढ सर्वात जास्त. पण इथेच कायदा आडवा येतो.

पुरावशेष आणि कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार १०० वर्षांहून जुन्या मूर्ती, नाणी, कलावस्तू खासगी व्यक्तीला भारताबाहेर नेता येत नाहीत. वैज्ञानिक, ऐतिहासिक, साहित्यिक किंवा सौंदर्यदृष्ट्या मोलाच्या हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. वस्तू घरची आहे, विकायची नाही, यानं फरक पडत नाही.

वस्तू जुनी दिसते पण तितकी जुनी नाही, अशा वेळी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावशेष नसल्याचं प्रमाणपत्र घेता येतं. अर्जासोबत वस्तूचे फोटो द्यावे लागतात आणि वस्तू प्रत्यक्ष दाखवावी लागते. यात वेळ जातो, म्हणून हे काम शेवटच्या आठवड्यावर टाकू नये.

देवघरातलं मोरपीसही नेऊ नये. मोर हा वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे आणि मोरपिसांच्या निर्यातीवर बंदी आहे. हस्तिदंताच्या वस्तूंबाबतही तेच.

अनेक कुटुंबं यातून मार्ग काढतात तो असा: मूळ टाक गावातल्या भावाच्या घरी राहतात, कुळाचार तिथेच होतो आणि परदेशी जाणारं कुटुंब नवे टाक घडवून नेतं. पोथीची पानं स्कॅन करून सोबत नेता येतात. पण हा निर्णय निघायच्या दिवशी नाही, घरातली सगळी मोठी माणसं बसलेली असताना व्हावा.

सोनं आणि साड्या

दागिने नेताना बिलं, फोटो आणि वजनाची नोंद सोबत असावी. निघताना विमानतळावरच्या कस्टम्सकडे दागिने दाखवून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घेता येतं. परत येताना तेच दागिने नवे समजून शुल्क लागू नये, यासाठी ते कामी येतं. दागिने नेहमी हातातल्या बॅगेत ठेवावेत.

साड्यांचा प्रश्न सोपा आहे. मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावसारख्या गावांत विणलं जाणारं टसर वजनाला हलकं असतं, कुठल्याही देशात अडत नाही आणि तिथे सहज मिळतही नाही. चारही प्रश्नांत उत्तीर्ण होणारी भंडाऱ्याची वस्तू शोधायची तर ती ही. कसर लागू नये म्हणून घडीत ठेवलेला कडुलिंबाचा पाला मात्र काढून टाकावा, तो वनस्पती तपासणीत अडतो.

कंटेनरने सामान पाठवणं कधी परवडतं?

नोकरी देणारी कंपनी खर्च उचलत असेल किंवा कुटुंब अनेक वर्षांसाठी जात असेल, तर समुद्रमार्गे सामान पाठवण्याचा विचार होतो. २० फुटी कंटेनरमध्ये साधारण ३३ घनमीटर जागा असते. इतकं सामान नसेल तर इतरांसोबत जागा वाटून घेता येते आणि घनमीटरवर भाडं पडतं. विदर्भातलं सामान सहसा नागपूरमार्गे मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरात जातं. घरून उचलण्यापासून तिथल्या घरी पोहोचण्यापर्यंत दीड ते तीन महिने धरावेत. म्हणजे पहिले दोन-तीन महिने लागणारं सगळं बॅगेतच हवं.

वापरलेल्या घरगुती सामानावर बहुतेक देश आयात शुल्क घेत नाहीत, पण अटी आहेत.

- अमेरिका: घरगुती वस्तू किमान एक वर्ष वापरलेल्या असाव्यात. अर्ज क्रमांक ३२९९ भरावा लागतो.
- ब्रिटन: वस्तू किमान सहा महिने मालकीच्या आणि वापरातल्या असाव्यात. 'टीओआर-१' हा अर्ज सामान पोहोचण्याआधी मंजूर करून घ्यावा.
- युरोपीय संघ: सहा महिन्यांचा वापर, आणि राहायला गेल्यापासून १२ महिन्यांच्या आत सामान आणणं आवश्यक.
- ऑस्ट्रेलिया: १२ महिन्यांची मालकी आणि वापर. लाकडी पाट, पोळपाट, बांबूचं सूप यांची कीड आणि मातीसाठी तपासणी होते.
- कॅनडा: पहिल्यांदा उतरतानाच, मागून येणाऱ्या सामानाची यादी अधिकाऱ्याला द्यावी लागते. यादीत नसलेल्या वस्तूंवर नंतर सवलत मिळणं कठीण जातं.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. निघण्याआधी महिनाभर दुकानं फिरून सगळा नवा संसार घेणं चुकीचं आहे. नव्या वस्तूंवर ही सवलत मिळत नाही. घरात वापरून जुनं झालेलं सामान नेणंच नियमात बसतं.

मागे राहणाऱ्या सामानाचं काय?

जे नेत नाही त्याचाही निर्णय घ्यावा लागतो. 'सध्या खोलीत कोंडून ठेवू' हा सर्वात सोपा आणि सर्वात धोक्याचा मार्ग आहे. बंद घरात पावसाळ्यात ओल आणि उधई लागते. वैनगंगेकाठच्या सखल भागात पुराचा धोका वेगळा. ऑगस्ट २०२० च्या शेवटी मध्य प्रदेशातल्या धरणांतून सोडलेल्या पाण्याने भंडारा शहराच्या अनेक वस्त्यांत घरात पाणी शिरलं होतं. कागदपत्रं, अल्बम, साड्या आणि पोथ्या तळमजल्यावर ठेवू नयेत.

पितळ विकायचं असेल तर घाई करू नये. मोडीत भांडं फक्त वजनावर जातं, त्यावरचं नाव आणि घडण यांना किंमत मिळत नाही. आधी नातेवाइकांना विचारावं. कुणाला काय दिलं ते कागदावर लिहून ठेवावं. वर्षांनंतर 'तो गुंड कुणाकडे गेला' यावरून भावंडांत होणारे वाद या एका कागदाने टळतात.

घरगुती गॅसचं कनेक्शन परत करून टर्मिनेशन व्हाउचर घ्यावं, म्हणजे अनामत परत मिळते. ते आईवडिलांच्या नावावर करायचं असेल तर नाव बदलण्याचा अर्ज करावा.

निघण्याआधी शेवटची यादी

- तीन महिने आधी: सगळ्या सामानाची यादी, जुन्या वस्तूंचं पुरातत्त्व प्रमाणपत्र, त्या देशाच्या कस्टम्सच्या संकेतस्थळावरचे ताजे नियम.
- दोन महिने आधी: कंटेनर पाठवायचा असेल तर पॅकिंगवाल्यांचे दर, विमा, सवलतीचे अर्ज.
- एक महिना आधी: जन्म, विवाह आणि शिक्षणाची मूळ प्रमाणपत्रं, मुलांच्या लसीकरणाच्या नोंदी. सगळ्यांची स्कॅन प्रत. मूळ कागद कंटेनरमध्ये नाही, हातातल्या बॅगेत.
- पंधरा दिवस आधी: औषधं, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह. कोडीन किंवा ट्रॅमाडॉल असलेली औषधं आखातात पूर्वपरवानगीशिवाय नेऊ नयेत.
- एक आठवडा आधी: बॅगा भरून घरच्या काट्यावर वजन. प्रत्येक बॅगेत एक किलो मोकळा ठेवावा.

तो मोकळा एक किलो लागतोच. निघायच्या दिवशी कुणीतरी चिवड्याची पिशवी हातात ठेवतं, आणि ती परत करता येत नाही.